शेरा देण्यास नकार

झाशी
१८ जून २०२४

कॅप्टन जयंत मोघे यांस,

वर 'तीर्थरूप' घातलेलं नाही, 'मामा' असंही लिहिलेलं नाही. विसरले नाही. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात म्हणून पोस्टाने लिहिते आहे. माझ्या वकील उर्वी सबनीस यांनी निक्षून सांगितलंय की केस चालू असताना समोरच्या साक्षीदाराशी एक अक्षर बोलायचं नाही. हे पत्र त्यांना ठाऊक नाही.

काल हायकोर्टाची नोटीस आली. डाकवाले भैया रस्त्यातूनच ओरडले, "आंटीजी, बंबई से है, कोर्ट का लगता है!" अख्ख्या गल्लीला कळलं. आईने पाकीट फडताळात ठेवलं आणि माझं जेवण होईपर्यंत बाहेर काढलं नाही. तिला वाटतं वाईट बातमी भरल्या पोटी कमी लागते.

जानेवारीत ट्रायब्युनलचा निकाल लागला तेव्हा मला वाटलं होतं, संपलं. आई ट्रायब्युनलला अजून 'जहाजवाल्यांचं कोर्ट' म्हणते. त्या जहाजवाल्यांच्या कोर्टाने स्वच्छ लिहिलं की नीरजा लघाटे हिला थर्ड ऑफिसरच्या नोकरीवरून काढणं बेकायदा होतं, तिला परत कामावर घ्या आणि तिच्या खलाशी पुस्तकातला शेरा पुसा. आता कंपनीचं म्हणणं, ट्रायब्युनललाच काही कळलं नाही, हायकोर्टाने तो निकाल तपासावा आणि फेकून द्यावा. अर्जाला तुमची साक्ष जोडली आहे. काही ओळींखाली रेघा मारल्या आहेत. त्यातली एक अशी: "थर्ड ऑफिसर माझी सख्खी भाची आहे. ती हुशार आहे, पण स्वभावाने भावनाप्रधान आहे. तिचं नुकसान व्हावं असं मला कधीच वाटलं नाही."

भावनाप्रधान! मामा म्हणून साक्षीला उभे राहिलात आणि कप्तान म्हणून खोटं बोललात.

मला समुद्रावर नेलं कोणी? आमच्या झाशीत नाव घ्यावं असं पाणी म्हणजे बरुआसागरचा तलाव, तिथेही मला पोहायला येत नव्हतं. बाबा गेल्यावर आई मला बँकेच्या परीक्षेला बसवणार होती. तुम्ही सुट्टीवर आलात, ओसरीवर बसून माझा फॉर्म भरलात आणि म्हणालात, "ताई, पोरीला अडवू नकोस. माझ्याच जहाजावर घेईन, डोळ्यांसमोर राहील." राहिले डोळ्यांसमोर. बघितलंत ना?

साक्षीत तुम्ही सांगितलंत की होडी फार लांब होती, माणसं मासेमारी करत होती, थर्ड ऑफिसर घाबरली आणि कप्तानाला न जुमानता संकटाचा संदेश पाठवून मोकळी झाली. आता काय झालं ते मी लिहिते. तुम्ही इतक्या वेळा ते खोटं म्हणालात की आता तुम्हाला तेच आठवत असेल.

मार्च २०२२. इंडोनेशियाचा कोळसा भरून आपण गुजरातला निघालो होतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला, सकाळची माझी पाळी. ब्रिजवर मी आणि टेहळणीला मुकेश. त्यालाच आधी दिसली ती निळी होडी, उजव्या हाताला. इंजिन बंद, प्रत्येक लाटेबरोबर आडवी होत होती. एक माणूस बांबूला शर्ट बांधून हलवत होता. बाकीचे फळ्यांवर पडून होते. नियमाप्रमाणे मी तुम्हाला वर बोलावलं. तुम्ही चहाचा कप घेऊन आलात. कप ठेवलात, दुर्बीण उचललीत, पाहिलंत. खाली केलीत. पुन्हा पाहिलंत.

"मासे पकडतायत," तुम्ही म्हणालात.

"सर, तो शर्ट हलवतोय."

"जाळ्यांपासून लांब जा म्हणून हलवतात. कोळी पहिल्यांदा बघते आहेस का? कोर्स सोडायचा नाही. धक्क्याची वेळ चुकली तर कंपनी मला सोलून काढेल."

जाळी नव्हती. जाळी असती तर पाण्यावर तरंगणारे गोळे दिसले असते, त्यातला एकही नव्हता. तुम्ही कप उचलून जिन्याकडे वळलात आणि मी रेडिओवरचं ते लाल बटण दाबलं. किनाऱ्यावरच्या ठाण्याने लगेच विचारलं, कुठे, किती माणसं. मी सांगितलं. तुम्ही धावत परत आलात. जहाजावर मी 'सर' म्हणायचं आणि तुम्ही 'थर्ड' म्हणायचं असं ठरलं होतं. त्या वेळी मात्र तुमच्या तोंडून 'नीरू' निघालं. "नीरू, काय करून बसलीस हे?" मग तुम्ही मला पाळीवरून उतरवलंत.

जहाज वळलं नाही. आपण तिथे एका तासाच्या आत पोचलो असतो. श्रीलंकेच्या नौदलाची बोट दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. सहापैकी चार जिवंत होते. दोघे त्या रात्री गेले, तहानेने. म्हणजे आपण बाजूने गेलो तेव्हा ते होते.

ब्रिजवरचं बोलणं टिपणारं यंत्र असतं. काही घडलं की कप्तानाने एक बटण दाबायचं, म्हणजे ते बोलणं जपलं जातं, नाहीतर त्यावर नवं चढतं. तुम्ही ते दाबलं नाहीत. कंपनीने ट्रायब्युनलला सांगितलं, आवाज उपलब्ध नाही.

गुजरातला पोचल्यावर मला उतरवलं. खलाशाच्या पुस्तकात प्रत्येक फेरीनंतर कप्तान शिक्का मारतो, वर्तणूक कशी होती त्याचा. चोरटे आणि दारुडेसुद्धा 'चांगली' घेऊन उतरतात. माझ्या पानावर तुमच्या अक्षरात 'शेरा देण्यास नकार'. याच्या खाली शेरा नाही. हे पान पाहिलं की कुठलीही कंपनी पुस्तक मिटून परत देते. मी सात ठिकाणी गेले. मग जायचं सोडलं.

सध्या माणिक चौकात भांड्यांच्या दुकानावर एक खोली घेऊन अकरावी-बारावीला गणित शिकवते. खालून दिवसभर पितळ वाजतं.

हायकोर्टात भेटूच.

नीरजा लघाटे

---

झाशी
५ सप्टेंबर २०२४

कॅप्टन मोघे यांस,

माझ्या पत्राला उत्तर नाही, पण आईला फोन आला. काल संध्याकाळी ती माझ्या खोलीत येऊन बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. असं ती दुसऱ्याचा निरोप आणते तेव्हाच करते.

"जयू म्हणतोय, कंपनी तो शेरा बदलायला तयार आहे. तू एका कागदावर सही करायची की गैरसमज झाला होता. केस मागे. तुला पुन्हा जहाज मिळेल."

"गैरसमज कोणाचा?"

"ते मी नाही विचारलं."

"मग विचार ना! सहा माणसांना बघून माझा गैरसमज झाला की ती बुडतायत? का मेलेल्यांचा झाला, की आपण मेलो?"

मी आईवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. शेजारच्या शर्माजींच्या घरातला टीव्ही बंद झाला, इतकी ओरडले. आई उठून गेली. रात्री तिने माझं ताट वाढून झाकून ठेवलं होतं आणि स्वतः न जेवता झोपली होती. याचाही हिशेब मी तुमच्याच नावावर लिहिला आहे. निरोप पाठवायचा तर मला पाठवा. माझ्या आईला मध्ये उभं करू नका. तिला भाऊ एकच आहे, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, आणि त्याच जोरावर तुम्ही बोलता.

सही करणार नाही. हे लेखी उत्तर समजा.

रविवारी मऊरानीपूरला गेले होते, मुकेशला भेटायला. आठवतो ना? तुम्ही त्याला 'मेरा शेर' म्हणायचात, होळीला त्याला बुंदेली फागा गायला लावायचात. ट्रायब्युनलमध्ये तो एकटा उभा राहिला आणि म्हणाला, "कप्तान साहब ने दूरबीन से दो बार देखा।" त्यानंतर त्यालाही जहाज नाही. कारण कोणी सांगत नाही. 'जागा भरली' म्हणतात, बस. गल्ला मंडीत धान्याची पोती उचलतो. मी मिठाई घेऊन गेले होते. मला वाटलं होतं तो म्हणेल, दीदी, आम्ही खरं बोललो, बाकी देव बघेल. असं काही तो म्हणाला नाही. पोतं खाली टाकलं, तोंड पुसलं आणि म्हणाला,

"मैडम, केस आपका है। आप जीतीं तो आप जीतीं। हमें का मिलने?"

निकालात त्याचं नाव साक्षीदार म्हणून आहे. त्याच्या नोकरीबद्दल एक ओळ नाही, कारण ती कोणी मागितलीच नव्हती. मीही नाही. परतीच्या बसमध्ये मी रडले, आणि ते रागाने होतं. तुमच्याबद्दलच्या रागात थोडी भर माझ्याबद्दलच्या रागाची पडली आहे, एवढंच तुम्हाला कळवते.

नीरजा

---

झाशी
२१ फेब्रुवारी २०२५

कॅप्टन मोघे यांस,

माझं पत्र तुम्ही कंपनीला दिलंत.

मी कालपासून हे वाक्य डोक्यात घेऊन फिरते आहे. घरचं पत्र. शिव्या असतील त्यात, पण भाचीने मामाला घातलेल्या. ते तुम्ही पाकिटात घालून वकिलाच्या हातात दिलंत.

काल सुनावणी होती. मी माणिक चौकातल्या खोलीत लॅपटॉपवर बसले होते. दारावर 'आज क्लास नाही' असं लिहून लावलं होतं, तरी दोन मुली येऊन जिन्यात बसून राहिल्या. उर्वी कोर्टात उभ्या होत्या. कंपनीचे वकील आधी तासभर तेच दळत बसले: जहाजावर शेवटचा शब्द कप्तानाचा, खुर्चीत बसलेल्या ट्रायब्युनलने त्याला समुद्रात काय दिसायला हवं होतं हे ठरवू नये, एका टेहळ्याच्या तोंडी साक्षीवर अनुभवी कप्तानाला खोटं पाडू नये. हे सगळं मला अपेक्षित होतं. मग ते म्हणाले, "न्यायमूर्तींनी या बाईंचा स्वभाव पाहावा," आणि एक कागद उंच धरला. कॅमेऱ्यातसुद्धा मी माझं अक्षर ओळखलं.

त्यांनी वाचलं. "मामा म्हणून साक्षीला उभे राहिलात आणि कप्तान म्हणून खोटं बोललात." आधी मराठीत, मग इंग्रजीत, हळू, चवीने. मागे कोणीतरी हसलं. ते म्हणाले, ही साक्षीदाराला धमकी आहे. ही बाई जहाजावर कशी वागली असेल याची यावरून कल्पना यावी. आणि पुढे म्हणाले, "बिचाऱ्या कप्तानांनी जड अंतःकरणाने हे आमच्याकडे सोपवलं."

जड अंतःकरणाने! पोस्टाने पाठवलंत का हातात नेऊन दिलंत? पाठवायला किती वजन भरलं?

मला वाटलं झालं. माझ्या हाताने मी माझी केस बुडवली. उर्वी वळून कॅमेऱ्याकडे बघतही नव्हत्या. मग न्यायमूर्ती म्हणाले, "हे पत्र ट्रायब्युनलसमोर होतं?"

"नाही, हे नंतरचं आहे."

"मग मला का दाखवता? ट्रायब्युनलसमोर जे होतं त्यावरून त्यांनी जे ठरवलं त्यात काही भयंकर चुकलं का, एवढं विचारायला तुम्ही आला आहात. नवा पुरावा ऐकायला मी बसलेलो नाही. ठेवा ते."

वकिलांनी कागद ठेवला. मी पाणी प्यायले, निम्मं अंगावर सांडलं.

रात्री उर्वींचा फोन आला. त्या कधी आवाज चढवत नाहीत. "तुम्हाला मी काय सांगितलं होतं?" एवढंच विचारलं. मी माफी मागितली. पुन्हा लिहिणार नाही असं वचन दिलं. हे त्या वचनानंतरचं पहिलं पत्र. हेही द्या त्यांना. शुद्धलेखन तपासून द्या.

आईला मी सांगितलं नव्हतं की मी तुम्हाला लिहिते. काल सांगावं लागलं. ती पत्र लिहिल्याबद्दल एक शब्द बोलली नाही. तिने दोनदा विचारलं, "जयूने दिलं? स्वतः दिलं?" मग देवघरासमोर जाऊन बसली. पोथी उघडली नाही, नुसती बसली.

नीरजा

---

झाशी
९ मार्च २०२५

हे पत्र आईमुळे.

तुम्हाला ठाऊक आहे काल काय झालं, पण नंतर काय झालं ते ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

आईने सकाळी तुम्हाला फोन केला. मी आतल्या खोलीत वह्या तपासत होते, ती मुद्दाम तिथे येऊन खाटेवर बसली, म्हणजे मला ऐकू यावं. तुमचा आवाज येत नव्हता. तिचा येत होता.

"जयू, मी एकच विचारते. माणसं दिसली होती का?"

"..."

"ते कशाला हे मला नको सांगूस. हो की नाही."

मग ती बराच वेळ ऐकत राहिली. म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "गुडघे ठीक आहेत." आणि फोन ठेवला.

तुम्ही तिला 'हो' म्हणालात. आणि लगेच विचारलंत, ताई, गुडघे कसे आहेत. मला तो 'हो' इतका झोंबला नाही. गुडघे झोंबले. एवढ्या लवकर दुसऱ्या विषयावर कसं जाता येतं माणसाला?

आई उठली. कपाटातून चांगली साडी काढली, इस्त्रीवाल्याकडे दिली. म्हणाली, "उर्वीताईंना फोन लाव. मी मुंबईला येते. जजसाहेबांना सांगते, माझ्या सख्ख्या भावाने माझ्याजवळ कबूल केलंय." तुम्हाला कल्पना आहे, तिने हे म्हणताना काय गिळलं असेल? बाबांच्या आजारपणात ज्या भावाने रात्र रात्र दवाखान्यात काढल्या, त्याच्याविरुद्ध ती साडी इस्त्री करून निघाली होती.

उर्वींनी फोनवर तिला सगळं समजावलं. "काकू, येऊन उपयोग नाही. त्या दिवशी नीरजाचं पत्र ज्या कारणाने बाजूला ठेवलं, त्याच कारणाने तुम्हालाही ऐकणार नाहीत. खरं-खोटं खालच्या कोर्टात ठरलं. वरचं कोर्ट फक्त बघतं, खालच्याने ठरवताना काही भलतंच केलं नाही ना."

"म्हणजे खरं कळलं तरी ऐकायचं नाही?"

"या टप्प्यावर नाही."

"मग एवढ्या मोठ्या इमारती कशाला बांधल्यात?" आई म्हणाली.

उर्वी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कप्तानांनी स्वतः पुढे येऊन सांगितलं तर गोष्ट वेगळी. ते येतील का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनेही फोनवर सांगितलं, "नाही येणार." आपल्या धाकट्या भावाबद्दल तिला इतक्या खात्रीने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

साडी इस्त्री होऊन आली आहे. घडी तशीच खुर्चीवर आहे.

नीरजा

---

झाशी
३० जुलै २०२५

कॅप्टन मोघे यांस,

निकाल तुम्हालाही कळला असेल. तरी माझ्याकडून ऐका.

न्यायमूर्तींनी लिहिलंय की टेहळ्याची साक्ष ट्रायब्युनलने प्रत्यक्ष ऐकली, साक्षीदाराचा चेहरा पाहिला. आम्ही पाहिलेला नाही. त्या साक्षीवर विश्वास ठेवणं वेडेपणाचं होतं असं म्हणता येत नाही. समुद्रात माणूस संकटात दिसला तर मदतीला जाणं हे कप्तानाच्या मर्जीवर नसतं, आणि ते काम त्याने केलं नाही म्हणून दुसऱ्याने केलं, याला बेशिस्त म्हणता येत नाही. काढून टाकणं बेकायदा. शेरा पुसून टाकायचा.

आणि मग शेवटच्या पानावर: परत कामावर घेण्याचा आदेश मात्र टिकत नाही. करार नऊ महिन्यांचा होता, तो केव्हाच संपला. संपलेल्या करारावर कोणाला परत चढवता येत नाही.

म्हणजे मी बरोबर होते, आणि घरी बसा. भांडत राहिलात म्हणून करार संपला, करार संपला म्हणून नोकरी नाही. उर्वी म्हणाल्या, हे जिंकणंच आहे, असंच दिसतं ते. कंपनी वर जाणार नाही म्हणे. त्यांना आता हे प्रकरण पेपरात नको आहे.

शेजारच्या शर्मा आंटी पेढे घेऊन आल्या. "काय बिन्नू, अब तो जाओगी जहाज पे?" मी पेढा खाल्ला. त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता, त्यासाठी तुम्ही आहात.

मुकेशला काहीच मिळालं नाही. त्याची तक्रार उर्वी वेगळी दाखल करतायत. मी या वेळी मऊरानीपूरला मिठाई नेली नाही, कागद नेले. तो सही करताना म्हणाला, "अब तीन साल हमाए लगहैं।" मी म्हटलं, लागतील. दर तारखेला मी येईन.

आणखी एक. निकालाची बातमी श्रीलंकेतल्या एका पेपरात आली असावी. होडीतून वाचलेल्यांपैकी एकाच्या मुलीने मला शोधून मेसेज केला. इंग्रजी शाळेतलं, सरळ. तिचा मामा त्या दोघांपैकी एक होता. हो, मामा. लिहिलंय की वडिलांनी आपल्या जहाजाचं नाव वाचलं होतं, इतकं ते जवळ होतं. शर्ट हलवणारा तिचा मामाच. त्याची बायको मल्लिका विचारते आहे, त्या जहाजावरच्या मोठ्या साहेबांनी आम्हाला पाहिलं होतं का?

मी कळवलं की मी पाहिलं होतं. मोठ्या साहेबांचं मोठ्या साहेबांना विचारावं लागेल, असं लिहिलं. तुम्हाला झाकायला लिहिलं असं समजू नका. ते वाक्य तुमचं आहे, मी का खर्च करू?

नीरजा

---

झाशी
२६ ऑक्टोबर २०२५

कॅप्टन मोघे यांस,

तुम्ही भाऊबीजेला आलात, एक रात्र राहिलात आणि गेलात. मी जे तोंडावर बोलले नाही ते लिहिते. जे बोलले तेही लिहिते, कारण तुम्ही मान खाली घालून होतात, ऐकलंत की नाही कळलं नाही.

तुम्हाला वाटलं, केस संपली म्हणजे प्रकरण संपलं. स्टेशनवरून रिक्षाने आलात, हातात आईसाठी पैठणी, माझ्यासाठी घड्याळ. "चला, झालं एकदाचं," म्हणत चपला काढल्यात. एवढ्या वर्षांत केस पार पांढरे झालेत तुमचे. मला ते बघून वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा संताप आला.

आईने पाट मांडला, रांगोळी घातली, निरांजन लावलं. तुम्ही टोपी घालून बसलात. ती ताम्हन हातात घेऊन उभी राहिली आणि ओवाळेना.

"ताई?"

"जे मला फोनवर सांगितलंस, ते नीरूसमोर सांग. मग ओवाळते."

"आजच्या दिवशी नको ना. सणाचा दिवस कशाला खराब करतेस?"

"मी नाही खराब केला."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते आणि ठरवलं होतं की मदत करायची नाही. निरांजनातली वात फडफडत होती. ताम्हन जड असतं, पण आईने ते खाली ठेवलं नाही.

मग तुम्ही बोललात. पाटाकडे बघत.

"दिसली. तो शर्टवाला सरळ माझ्याकडेच बघत होता. मला वाटलं, मागून दुसरं जहाज येतच असेल. त्या वाटेवर जहाजं सारखी येतात. कोणीतरी थांबेल."

एवढंच. मी साडेतीन वर्षं कल्पना केली होती की तुम्ही घाबरलात, चाच्यांची भीती वाटली, कंपनीने धमकावलं असेल, काहीतरी मोठं असेल. मोठं काहीच नव्हतं. कोणीतरी थांबेल!

आई म्हणाली, "आणि नीरू थांबली, तर तिला उतरवलंस."

तुम्ही रडलात. आईने ताम्हन देवासमोर ठेवलं. म्हणाली, "जेवून जा. पानं वाढलीत. ओवाळायचं मात्र आज जमणार नाही मला." तुम्ही जेवलात. श्रीखंड दोनदा वाढलं तिने तुम्हाला. तिला तसंच जमतं. मला नाही जमत. मी माझं पान उचलून आत नेलं.

जाताना फाटकापाशी तुम्ही म्हणालात, "नीरू, आता तरी राग सोड. सांगितलं ना मी." मी म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? मी तिथेच उभी होते." तुम्ही घड्याळाचा डबा माझ्या हातात कोंबायला बघत होतात. तो मी परत तुमच्या बॅगेत टाकला. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

तुम्हाला वाटत असेल, ऐकल्यावर मला हलकं वाटलं असेल. मलाही तसं वाटेल असं वाटलं होतं. रात्रभर जागी होते आणि सकाळी उठल्यावर राग होता तिथेच होता. फक्त आता तो माझ्यासाठी नाही, हे कळलं. माझं जे होतं ते कोर्टाने अर्धंमुर्धं का होईना दिलं. नवं पुस्तक मिळालंय. एका छोट्या कंपनीने बोलावलंय, तेलाचं जहाज, पुन्हा थर्ड ऑफिसरच, जिथून उतरवलं तिथूनच चढायचं. मुलाखतीत त्यांनी विचारलं, असा प्रसंग पुन्हा आला तर काय कराल? मी म्हणाले, तेच. समोरचे कप्तान म्हणाले, "ठीक आहे, परवा कागद पाठवतो." गुरुवारी कोचीला निघते आहे. मुलींना गणिताचं उरलेलं मी फोनवरून शिकवीन. आई स्टेशनवर येणार आहे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

मल्लिकाचा प्रश्न तसाच आहे. ती श्रीलंकेत मातर जिल्ह्यात समुद्राकाठच्या एका गावात राहते, मासे सुकवायचं काम करते. तिला कोर्टाचा निकाल वाचता येत नाही आणि त्यात तिचं नावही नाही. तिचा पत्ता मी तिच्या भाचीकडून मागून घेतला आणि या पत्राच्या मागच्या बाजूला लिहिला आहे. इंग्रजीत लिहिलंत तरी चालेल, भाची वाचून दाखवेल. आईला जे सांगितलंत आणि पाटावर बसून जे सांगितलंत तेच लिहा. दुसऱ्या जहाजाचं वाक्यही गाळू नका. तिच्या नवऱ्याने शर्ट कोणाकडे बघून हलवला, हे तिला कळायला हवं.

तुमची सही असलेला तो कागद कोणी तुमच्याविरुद्ध वापरेल, अशी भीती तुम्हाला वाटेल. वापरू शकतात. मी उर्वींना विचारून घेतलंय. तरी लिहा.

मला उत्तर पाठवू नका. मी इथे नसेन, आणि ते माझं नाही.

नीरजा